द्वारकेला आलो होतो, म्हटलं भेटून जावं

उज्वलाला कॅन्सर झाला यात तिचा काही दोष नव्हता. दोष होता तो फ्लॅटच्या जागेचा.

नाशिकच्या द्वारका चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर फ्लॅट घ्यायचा, हे सोमनाथने ठरवलं तेव्हा सगळ्या भाऊबंदांनी त्याच्या हुशारीची तारीफ केली होती. का नाही करणार? निफाडकडून येणारा द्वारकेला उतरतो, पिंपळगावहून येणारा द्वारकेला उतरतो, आणि उतरला की त्याला एकदम तीन गोष्टी जाणवतात. एक तर तहान लागलेली असते, दुसरं म्हणजे लघवी लागलेली असते, आणि तिसरं, सोमनाथची बायको आजारी असल्याचं आठवतं. ही तिन्ही कामं एकाच जिन्याने होतात म्हटल्यावर माणूस कशाला सोडेल! बेल वाजायची, दार उघडायच्या आधीच बाहेरून आवाज यायचा, "द्वारकेला आलो होतो, म्हटलं भेटून जावं."

म्हणजे मोटारीचा पार्ट आणायला आले होते, पोरीच्या लग्नाचा बस्ता बघायला आले होते. उज्वला वाटेत होती.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. डावा स्तन काढला. हे वाक्य मात्र घरात कोणी उच्चारायचं नाही, असा एक न ठरवलेला नियम होता. सोमनाथ 'छातीचं ऑपरेशन' म्हणायचा. त्यामुळे अर्ध्या निफाड तालुक्याला वाटत होतं की तिला हार्टचा त्रास आहे. उरलेल्या अर्ध्याला खरं काय ते ठाऊक होतं, पण ते आवाज खाली घेऊन 'तसलं' म्हणत. "तिला तसलं झालंय ना." जसं काही तिने कुठे तरी जाऊन काही तरी उद्योग करून ठेवला होता.

बायका भेटायला आल्या की आधी तोंडाकडे बघत. मग नजर हळूच खाली घसरे, डावी बाजू की उजवी याचा अंदाज घेई, आणि चोरी पकडल्यासारखी एकदम वर पंख्याकडे जाई. त्या हिवाळ्यात पंखा बंद होता. तरी उज्वलाच्या पंख्याकडे जितक्या बायकांनी मान वर करून पाहिलं, तितक्या जणांनी तो दुकानातही पाहिला नसेल.

"चहा अजिबात नको हं. तुला कशाला त्रास?" असं प्रत्येक जण म्हणे. याचा अर्थ अर्धा कप, साखर थोडी जास्त. वैष्णवी, म्हणजे उज्वलाची मुलगी, कॉलेजात असायची आणि सोमनाथ पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात. मग आजारी तीच आणि यजमानीणही तीच. केमोने जीभ अशी झालेली की पाणीसुद्धा गंजलेल्या खिळ्यासारखं लागायचं, आणि ही बाई गॅसपाशी उभी राहून आलं किसायची, कारण बाहेर पिंपळगावच्या एक बाई पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि सांगत होत्या, "आमच्या नणंदेच्या जावेलाही अगदी हेच. पण काय सांगू, शेवटपर्यंत हसतमुख होती."

"शेवटपर्यंत," उज्वला आतून म्हणाली. "साखर किती घालू?"

त्यात द्राक्षांचा हंगाम. डॉक्टरबाईंनी कच्चं, न सोलता येणारं काही खायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि येणारा प्रत्येक जण आपल्या बागेतली पेटी खांद्यावर घेऊन जिना चढायचा. "औषध मारलेलं नाही हं. ही ओळ घरच्यांसाठी राखलेली असते." याचा दुसरा अर्थ असा की बाकीच्या बागेत काय मारलंय ते विचारू नका. पेट्या स्वयंपाकघरात, पेट्या पलंगाखाली, पेट्या गॅलरीत. समोरच्या फ्लॅटमधल्या सुलाबाईंनी त्या सगळ्या सोसायटीत वाटल्या, तेव्हा कुठे पाय ठेवायला जागा झाली आणि सोसायटीतल्या पोरांचे घसे बसले. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं.

सोमनाथ नवरा म्हणून सोन्यासारखा होता, हे इथे सांगून टाकायला हवं, कारण पुढे त्याची जरा निंदा येणार आहे. केमोच्या रात्री पलंगाजवळ तसराळं धरून तो बसायचा, आणि उलटी झाली की तोंड वाकडं न करता धुऊन आणायचा. केस पुंजक्यापुंजक्याने उशीवर यायला लागले तेव्हा त्यानेच दाढीचं मशीन आणून बाथरूममध्ये तिचं डोकं साफ केलं, आणि तिच्यापेक्षा जास्त तोच रडला. शेवटी तिलाच म्हणावं लागलं, "अहो, मशीन नीट धरा, कान जाईल." असा माणूस. पण त्याला एक शब्द येत नव्हता. 'नाही'. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती याच्या घरी पाटावर बसून जेवत होती. ऑफिसात कोणी आपली फाइल याच्या टेबलावर सरकवली तरी हा तिला जागा करून द्यायचा. मग चुलत्या-मावळ्यांना दारातून परत पाठवणं म्हणजे बोलायलाच नको.

आणि इथेच सगळं अडलं होतं. पहिली केमो नीट झाली. दुसरीच्या आधी एका शिंकणाऱ्या मेहुण्याने भेट दिली. 'काही नाही, साधी सर्दी आहे' असं तो तिच्या शेजारी बसून, तिच्याच पांघरुणाला नाक पुसल्यासारखं करत म्हणाला, आणि दोन दिवसांनी उज्वला तापाने फणफणून हॉस्पिटलात. केमो पुढे गेली. ती कशीबशी झाली. तिसरीच्या वेळी पुन्हा ताप, पांढऱ्या पेशी तळाला. पुन्हा पुढे गेली.

"हे बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या सोमनाथकडे बघत नव्हत्या, उज्वलाकडे बघत होत्या. "या औषधाला वेळेचं बंधन आहे. आपण असं थांबत थांबत गेलो तर मागे राहिलेल्या पेशींना आपणच डोकं वर काढायला वेळ देतोय. सोमवारी मला तुम्ही तापाशिवाय हव्यात. सगळे पाहुणे बंद. एकही नको."

"हो हो," सोमनाथ म्हणाला. त्याला हा शब्द छान येत होता.

त्याने घरी येऊन ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर छापलेला कागद दाराला चिकटवला: 'डॉक्टरांच्या आदेशानुसार भेटण्यास सक्त मनाई आहे. कृपया सहकार्य करावे.' खाली बारीक अक्षरात 'क्षमस्व'. दुसऱ्याच दिवशी निफाडचं एक जोडपं आलं. नवऱ्याने दारात उभं राहून तो कागद मोठ्याने वाचला, अक्षर चांगलं आलंय म्हणून मान डोलावली, आणि चपला काढून आत आला. "चांगलं केलंस सोमनाथ. लोकांना काही अक्कलच नसते. कोण कुठले येऊन बसतात."

"हो ना," सोमनाथ म्हणाला आणि पाणी आणायला गेला.

त्या रात्री उज्वला नवऱ्यावर ओरडली नाही, कारण ओरडायला ताकद लागते. ती फक्त म्हणाली, "अहो, मला जगायचंय. तुम्हाला ते त्यांना सांगता येत नसेल तर निदान मला तसं सांगा, म्हणजे मी तरी दुसरा बंदोबस्त करते."

सोमनाथने तिचं पांघरूण नीट केलं.

बंदोबस्त तिला गॅलरीतून दिसला. समोरच्या बिल्डिंगीत तळमजल्याच्या एका दाराला कडुलिंबाची डहाळी लटकत होती. पोराला कांजण्या आल्या होत्या. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून गेला. कचरेवाला लांबूनच 'बाहेर ठेवा' म्हणून ओरडला. आणि शेजारची जी बाई त्या जोडप्यासारखीच सोमनाथचा कागद वाचून सरळ आत घुसली होती, तीच बाई ती डहाळी बघून पदर नाकाला लावून रस्त्याच्या पलीकडून गेली. डॉक्टरबाई वीस वर्षं शिकलेल्या, पण त्यांचा कागद लोकांना अडवत नाही. डहाळी एक वर्गही शिकलेली नाही, आणि तिच्यापुढे गल्ली रिकामी होते!

सुलाबाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या घरी देवघर नव्हतं, बुद्धाची एक शांत मूर्ती होती आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. उज्वलाने त्यांना दारातूनच आपला डहाळीचा बेत सांगितला, मास्क लावून. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा वर सरकवला.

"अगं, देवी कसली? कांजण्या म्हणजे विषाणू असतो. पस्तीस वर्षं पोरांना हेच शिकवत आले मी."

"मला माहितीये हो, सुलाताई."

"मग?"

"त्यांना माहीत नाही ना."

"माझा देवीवर विश्वास नाही," सुलाबाई म्हणाल्या, "पण तुझ्या पाहुण्यांचा आहे, हे खरं. कोपऱ्यावरच्या झाडाची आणते." आणि चांगली हातभर लांब, मोहोर आलेली डहाळी त्यांनी स्वतः आणून दिली. ती बांधताना वर म्हणाल्या, "नीट घट्ट बांध. अंधश्रद्धा ढिली असून चालत नाही."

सगळ्यात जास्त विरोध वैष्णवीने केला, कारण कांजण्या तिच्या नावावर काढल्या होत्या. "मलाच का? माझ्या तोंडावर एक पुटकुळी नाही!"

"मग तुझ्या बापाच्या नावावर काढू? त्याला साधं खोटं बोलता येत नाही, तो फोड काय दाखवणार?"

वैष्णवीने मैत्रिणींना खरं सांगण्याची परवानगी मिळवली आणि हो म्हटलं.

आणि काय सांगावं! घराचं देऊळ झालं. म्हणजे गर्दीचं नाही, शांततेचं. पिंपळगावची बाई जिन्यातूनच परत फिरली. जाताना खालच्या मजल्यावर उभी राहून हात जोडून काही तरी पुटपुटली, आणि त्या मजल्यावरच्या लोकांना उगाच वाटलं की आपल्याकडेच काही आलंय. एका मावशींनी दहीभाताचा डबा पायरीवर ठेवून मागे न बघता पोबारा केला. शिंकणारा मेहुणा फोनवर म्हणाला, "देवीच्या घरात कसं यायचं?" कॅन्सरच्या घरात त्याला काहीच अडचण नव्हती.

उज्वला दुपारी झोपली. दिवाळीनंतर पहिल्यांदा दुपारी झोपली. उठल्यावर तिने नुसतं पडून घराचा आवाज ऐकला. नळ, फ्रीज, आणि लांब द्वारकेवरच्या गाड्यांचे हॉर्न. तिला फार बरं वाटलं. शनिवारी रक्त तपासलं, पेशी वर चढत होत्या. सोमनाथने तो कागद तिच्यापुढे धरला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. तिने त्याचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

पण खोटं हे उसन्या पिठासारखं असतं, कोणी तरी मागायला येतंच. आणि या खोट्यात एक भोक होतं, जे उज्वलाला दिसलं नव्हतं, सुलाबाईंनाही नाही. ते दिसलं पुंजाआप्पांना.

पुंजाआप्पा म्हणजे सोमनाथचे सगळ्यात मोठे चुलते. सोमनाथचे वडील गेल्यापासून घराण्याचं जे काही कर्तेपण होतं ते आप्पांच्या टोपीखाली होतं. लग्न ठरवायचं आप्पांनी, वाटणी करायची आप्पांनी, गावातल्या कुठल्या घरी कधी बोलणं बंद करायचं आणि कधी सुरू करायचं तेही आप्पांनी. उज्वला त्यांच्यासमोर पंचवीस वर्षांत पदराशिवाय उभी राहिली नव्हती. त्यांना कळलं की सोमाच्या घरी देवी आल्यात. त्यांनी विचार केला, आणि विचार अगदी बरोबर होता: ज्या घरात देवी, त्या घरात एवढी आजारी सून ठेवायची कशी? तिला उचलून गावाला आणायचं. आणि आपल्याला भीती कसली? आपल्याला, कुसाबाईला, कारभारीला, समद्यांना लहानपणीच येऊन गेल्यात. एकदा आलेली देवी परत येत नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

अशा रीतीने जी डहाळी बाकीच्यांना अडवत होती, ती घरच्या म्हाताऱ्यांना बोलावून बसली. आणि खरा धाक म्हाताऱ्यांचाच होता.

रविवारी दुपारी खाली बोलेरो थांबली. आप्पा, त्यांची बायको कुसाबाई, गाडी चालवायला पुतण्या कारभारी, आणि मागच्या सीटवर गादी, उशी, दोन गोधड्या, एक मोठा थर्मास. पेशंट न्यायची सगळी तयारी. आप्पा जिना चढले ते खोकत खोकत. द्राक्षाच्या हंगामात बागेतली धूळ, फवारणीचा वास आणि रात्रीची थंडी, घशाचं व्हायचं ते झालेलं. डहाळीला त्यांनी हात जोडले आणि त्याच हाताने बेल वाजवली.

सोमनाथने आतलं लाकडी दार उघडलं. बाहेरचं लोखंडी जाळीचं दार बंद होतं, चावी कुलपात होती. जाळीतून आप्पांचं तोंड दिसलं आणि त्याचा हात आपोआप चावीकडे गेला.

"सोमा, उघड. सूनबाईला घिऊन चाललो. देवीच्या घरात आजारी मानूस ठिवत्यात व्हय? येडा हायेस का तू?" आप्पांनी मधेच तोंड फिरवून खोकला काढला. "मळ्यातली खोली मोकळी केलीय. तुझ्या मोठ्याईनं सारवून ठिवलीय. मोकळी हवा हाय, गाईचं दूध हाय. लय बरं वाटंल तिला."

कुसाबाई मागून म्हणाल्या, "तिच्यासाठी मऊ भात टाकते रोज. आन तू काळजी करू नको, मी तिच्यापाशीच निजन."

हेच तर वाईट होतं. ते वाईट लोक नव्हते. खोली खरंच सारवलेली होती. वाईट माणसाला हाकलणं सोपं असतं, पण गादी-उशी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या प्रेमाला काय म्हणायचं? भीक नको पण कुत्रं आवर, असं कोणाला म्हणता येतं. स्वतःच्या चुलत्याला नाही.

सोमनाथच्या बोटांत चावी फिरायला लागली. उज्वला आतल्या खोलीतून बघत होती. उद्या सकाळी सुई. चावी अर्धी फिरली. मळ्यात रात्रभर हा खोकला, कुसाबाई उशाशी, आणि सकाळी ताप. पुढे काय होईल ते तिला एवढं स्पष्ट दिसलं की तिला पदराचं भान राहिलं नाही, रुमालाचं राहिलं नाही, ती उठली आणि तशीच बोडक्या, गुळगुळीत डोक्याने पुढच्या खोलीत आली.

आप्पांनी चटकन मान खाली घातली. कुसाबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"आप्पा, देवी नाही आलेल्या," उज्वला म्हणाली. ती जाळीपासून लांबच उभी राहिली होती. "वैष्णवीला काही झालेलं नाही. ती डहाळी मी लावलीय."

"कशापायी?"

"तुम्ही येऊ नये म्हणून."

समोर सुलाबाईंच्या घरातली कुकरची शिट्टी दचकल्यासारखी वाजली.

"मला कॅन्सर आहे, आप्पा. स्तनाचा. डावा काढलाय. हार्ट माझं चांगलं आहे, त्याला काही झालेलं नाही. उद्या केमो आहे, आधीच दोन वेळा तारीख पुढे गेलीय. तुमचा खोकला तुम्हाला चार दिवस त्रास देईल आणि जाईल. मला तो घेऊन जाईल. मला तुमचा राग नाहीये. पण मला जगायचंय, आणि तुम्ही आत आलात तर मला जगता येणार नाही."

आप्पांना खोकला आला होता, तो त्यांनी आत दाबला, डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. ते सोमनाथकडे बघून म्हणाले, "सोमा. दार उघड."

सोमनाथने चावी फिरवली. उलटी. कुलूप पूर्ण बसल्याचा आवाज आला. चावी काढून त्याने शर्टाच्या खिशात टाकली, आणि खिशावर हात ठेवला, न जाणो ती आपणहून बाहेर उडी मारेल म्हणून.

"नाही, आप्पा," तो म्हणाला. शब्द कधी वापरलेला नव्हता म्हणून जरा पातळ निघाला. पण निघाला.

"तुझा बाप गेला तव्हा तुला कडंवर घेऊन म्या आग दिलीय. आन मला दार बंद?"

"सगळ्यांना बंद आहे, आप्पा." सोमनाथने खिशावरचा हात काढला नाही. "माझ्या सख्ख्या बहिणीलाही."

"समद्यांना?"

"सगळ्यांना."

आप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "बरं," ते म्हणाले. "मंग मी बघतोच, कोन जातंय वर."

आणि ते जिना उतरून गेले. कुसाबाई दोन पायऱ्या उतरून थांबल्या, त्यांनी जाळीकडे वळून बघितलं, आणि 'आप्पा काय म्हणतील' या विचाराने त्या खाली उतरल्या. सोमनाथ भिंतीला टेकून खाली बसला. त्याने घराण्याला आग लावली होती, निदान त्याला तरी तसंच वाटत होतं.

बोलेरो सुरू झाल्याचा आवाज काही आला नाही. थोड्या वेळाने वैष्णवी गॅलरीत गेली आणि तोंडावर हात ठेवून परत आली. "आई, आप्पा खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलेत. जिन्याच्या तोंडाशी."

आणि मग आवाज आला. आप्पांचा आवाज बागेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला मजुरांना हाक मारण्यासाठी घडलेला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो तीन मजले सहज चढला.

"कुठं रं? सोमाकडं? का, तुला देवी येऊन गेल्यात? देवी नाय काय नाय! सुनंला क्यान्सर हाय! थानाचा! एक थान काढलंय! भेटायचं नाय कुनी!"

खाली कोणी तरी, बहुतेक पिंपळगावचं, द्राक्षाची पेटी घेऊन आलेलं, काही तरी पुटपुटलं. आपण जवळचे आहोत, असं.

"जवळचा? म्या थोरला चुलता हाय, मला वर येऊ दिलं नाय. तू कोन लागून गेला? जा. पेटी घिऊन जा."

सोमनाथ उठून उभा राहिला, चेहरा पांढरा. "अगं, म्हणजे, उज्वला, आख्ख्या सोसायटीला... थांब, मी जाऊन सांगतो त्यांना."

"खबरदार," उज्वला म्हणाली.

तीन महिने ज्याला घरात 'तसलं' म्हणत होते, ज्याच्यासाठी अर्धा तालुका हार्टच्या गोळ्या सुचवत होता, ते आता पार्किंगमध्ये कपडे वाळत घालणाऱ्या बाया, स्कूटर पुसणारे बुवा, इस्त्रीवाला, सगळ्यांच्या कानावर स्वच्छ मराठीत आदळत होतं. तिला आधी लाज वाटली. मग लाज कुठे तरी गेली, आणि तिला हसू आलं, एवढं की टाके घातलेली जागा दुखायला लागली. हसता हसता ती रडली. वैष्णवीने तिला धरलं, लांबून धरायचं हे विसरून. उज्वलाला मोकळं वाटलं. कोणाला तरी हे मोठ्याने म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणायला घराण्यातला सगळ्यात अडाणी, सगळ्यात मानी म्हातारा निघाला होता.

समोरच्या दारातून सुलाबाई म्हणाल्या, "मी किती दिवस सांगत होते, लपवू नका. बरं झालं, लाउडस्पीकर मिळाला." आणि त्यांनी आपणहून कडुलिंबाची डहाळी सोडली आणि कचऱ्यात टाकली.

आप्पा संध्याकाळपर्यंत बसले. आता यात प्रेम किती आणि मान किती हे विचारू नका. त्यांनाही सांगता आलं नसतं. ज्या दारातून आप्पाला परत फिरावं लागलं त्या दारातून दुसरा कोणी आत गेला असता तर आप्पांचं निफाडच्या बाजारात तोंड दाखवणं मुश्किल झालं असतं. म्हणून त्यांनी एकालाही वर जाऊ दिलं नाही. शिंकणाऱ्या मेहुण्याला त्यांनी असं झापलं की त्याची शिंक नाकातच राहिली. गॅस सिलेंडरवाल्यालाही अडवलं. तो नातेवाईक नाही हे पटवायला त्याला बराच वेळ लागला. कारभारीने थर्मासमधला चहा ओतून दिला, तो त्यांनी बसल्या जागी घेतला. कुसाबाई गाडीतल्या गादीवर आडव्या झाल्या. वर एकदाही बघायचं नाही असं म्हाताऱ्याने ठरवलं होतं, आणि ते त्याने पाळलं.

अंधार पडल्यावर बोलेरो गेली. उज्वलाने काखेत थर्मामीटर लावलं. ताप नव्हता.

सोमवारी रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि नर्सला सुई लावायला सांगितलं. "या वेळी पाहुणे थांबवलेत वाटतं," त्या म्हणाल्या. "कसं जमवलंत?"

"घरच्यांनी साथ दिली," उज्वला म्हणाली. ते खरंच होतं.

लाल औषध नळीतून थेंब थेंब उतरायला लागलं. सोमनाथ शेजारच्या स्टुलावर बसून सारखा फोन हातात घ्यायचा आणि खाली ठेवायचा. शेवटी त्याच्याने राहवेना.

"उज्वला, आप्पांची माफी मागायला हवी गं. आजच फोन करू का? त्यांनी गावात सांगितलंय म्हणे, सोमाच्या घराची पायरी मी चढणार नाही, आणि माझ्या माणसांपैकी कोणी चढला तर त्याच्या घरचीही चढणार नाही."

उज्वलाने डोळे मिटून घेतले होते. ती म्हणाली, "मागा ना. पाया पडून मागा, मीही येते. पण सगळ्या केमो संपल्यावर." तिने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. "तोवर काही झालं तरी म्हाताऱ्याचा राग उतरू देऊ नका."